नाटक मक्त्यानं, नाटक बटईनं

आमच्या घरी लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्यांचा एक गठ्ठा आहे. आजोबांची परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, अडत होती, त्या दुकानाच्या या वह्या. कापूस, ज्वारी, हमाली, तोलाई, हुंड्या, सगळं मोडीच्या वळणाच्या अक्षरात. १९५७ च्या दिवाळीला पूजलेल्या वहीत मात्र मध्येच एक पान निघतं, वर लिहिलंय ‘नाटक खाते’. खाली नावे बाजूला बत्त्या १२, तट्ट्या ६०, बांबू, सुतळी, गाड्या ३ (टेसन ते शाळा), हँडबिलं, नारळ, पानसुपारी. कापसाच्या अडत्याच्या वहीत नाटक कुठून घुसलं, हे कोडं मला पोरवयातच पडलं होतं. आजोबांना विचारलं की ते नुसते हसायचे. पुढं हळूहळू उलगडत गेलं, आणि त्याबरोबर त्या काळी नाटकाचा पैसा कसा फिरायचा हेही कळलं.

ते समजायला अर्थशास्त्र लागत नाही, शेतीचा व्यवहार माहीत असला की पुरे. रान चार तऱ्हांनी कसता येतं. घरचीच शेती आणि वर्षाच्या बोलीवर सालगडी. नाहीतर काम निघेल तसे रोजंदारीचे गडी. किंवा रान मक्त्यानं द्यायचं, म्हणजे पिको न पिको, मालकाला ठरलेली रक्कम मिळणार. नाहीतर बटईनं, म्हणजे येईल त्यात वाटणी. चारही तऱ्हांत नांगर तोच नि पाऊस तोच. पाऊस पडला नाही तर मार कोणाच्या पाठीत बसतो, एवढाच फरक. नाटकात पावसाच्या जागी रिकामी खुर्ची ठेवा.

पहिला जमाना सालगड्यांचा. १८८० साली किर्लोस्करांची मंडळी उभी राहिली, १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, १९१३ मध्ये बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी. या सगळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कंपन्या. नट, पेटीवाला, तबलजी, पडदे रंगवणारा, शिंपी, आचारी, सगळे पगारी आणि सगळ्यांची पंगत एकत्र. गावात मुक्काम टाकला की महिना महिना राहायचे. चारपाच नाटकं बसलेली असायची, ती आलटूनपालटून लावायची. भांडवल मालकाचं आणि मालकाला उभं करणाऱ्या सावकाराचं. नवं नाटक काढायला वेगळा खर्च फार पडत नसे, कारण नट तसेही पगार खातच होते. पडदे-कपडे नवे केले की भागायचं. हा या पद्धतीचा मोठा फायदा. तोटाही त्याच पोटातला. प्रयोग होवो न होवो, चूल रोज पेटायची. आठ दिवस पाऊस लागला, गावात पटकी आली, मुख्य नटाचा घसा बसला, की पन्नास-साठ माणसांचं जेवण आणि पगार अंगावर. गंधर्व मंडळीचे खरे भरजरी शालू, अत्तरं, गालिचे यांच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. कर्जाच्या गोष्टी त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला आहेत. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या बोलपटात दिसले, त्यामागं कर्जाचा वाटा मोठा होता.

बोलपट आला आणि सालगडी ठेवणं परवडेना. १९३१ चा ‘आलम आरा’, १९३२ चा मराठी ‘अयोध्येचा राजा’. सिनेमा डब्यात बंद होऊन टपावरून येतो, त्याला पंगत लागत नाही, त्याचा घसा बसत नाही, नि एका दिवसात तीन वेळा तेवढ्याच उत्साहानं गातो. याच्याशी बरोबरी करायची तर रोजचा बांधलेला खर्च मोडणं भाग होतं.

तो मोडला गेला ‘नाइट’ पद्धतीनं. नटाला महिन्याचा पगार नाही. ज्या रात्री उभा राहील त्या रात्रीचे पैसे. त्याला नाइट म्हणतात, आणि आजही नाटकातली माणसं ‘नाइट किती?’ असंच विचारतात. हा रोजंदारीचा जमाना. नट दिवसा बँकेत, कचेरीत, मिलमध्ये नोकरी करणार, शनिवार-रविवारी नाटक. नाटकंसुद्धा मग या खर्चाच्या मापानं लिहिली जायला लागली. मोतीराम गजानन रांगणेकरांनी १९४१ मध्ये नाट्यनिकेतन काढली, पुढच्या वर्षी ‘कुलवधू’ आणलं. पात्रं मोजकी, बैठकीची खोली एकच, रात्रभर चालणाऱ्या खेळाऐवजी तीनेक तासांत पडदा. आपण याला नाटकाचं आधुनिक होणं म्हणतो, ते आहेच. पण दहा पात्रांच्या दहा नाइटी वाचल्या, हेही त्यातच आहे.

आता मूळ प्रश्न. नाइटीवर नट मिळाले, पण तालमी, नेपथ्य, कपडे, जाहिराती हा पहिला खर्च कोणी घालायचा? इथं निर्माता नावाचा माणूस पुढं आला. त्याच्याकडं स्वतःचा पैसा फार क्वचित असायचा. त्याच्याकडं असायच्या त्या तारखा. मुंबई-पुण्यातल्या थिएटरच्या तारखा हातात, नाव असलेला एखादा नट कबूल झालेला, एवढ्यावर तो कंत्राटदाराकडं जायचा. कंत्राटदार म्हणजे प्रयोग ठोकीनं विकत घेऊन गावोगावी लावणारा माणूस. नाटक अजून तालमीत आहे आणि त्याचे पुढचे दहा प्रयोग कोणीतरी कागदावर घेतलेत. त्यापोटी उचल दिलीय. त्या उचलीतून पडदे शिवले जायचे. उचल हा शब्द ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथं मुकादम कोयत्याऐवजी नाटक घेऊन निघायचा.

कंत्राटदार दौरा आखायला बसला की नाटक किती चांगलं हे तो नंतर बघायचा. आधी नकाशा. मराठवाड्यात हा नकाशा म्हणजे एकच रेघ, मनमाड ते काचीगुडा जाणारी निजामाच्या काळातली मीटर गेज. औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड या एका दोरीत ओवलेली गावं. मुंबईहून मनमाडपर्यंत रुंद रूळ, पुढं अरुंद. म्हणजे मनमाडला सगळं सामान एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचं. पडद्यांच्या गुंडाळ्या, दारं-खिडक्यांच्या चौकटी, कपड्यांच्या ट्रंका, पेटी, तबला. दोनदा हमाली आणि मोडतोडीचा धोका. हा खर्च एका प्रयोगावर टाकला तर कोणालाच झेपायचा नाही. म्हणून रेघेवरच्या चार गावांत लागोपाठ चार रात्री लावायच्या, की तोच खर्च चार ठिकाणी वाटला जातो. मधली एक रात्र रिकामी गेली तर नाइट द्यावी लागत नसली तरी मुक्काम, जेवण आणि भत्ता सुटत नाही. त्यामुळं शनिवार-रविवार मोठ्या गावाला, आणि सेलूसारख्या गावाला मंगळवार. गावकऱ्यांना वाटायचं आपल्याला कमी लेखतात. खरं तर ते रुळावर आहेत म्हणून त्यांना निदान मंगळवार मिळत होता. बीड शहराला रेल्वेच नव्हती. लातूरला होती, पण ती कुर्डुवाडी-बार्शीकडून येणारी त्याहून अरुंद, अडीच फुटी बार्शी लाइट. म्हणजे लातूर दुसऱ्याच दौऱ्यात, सोलापूर-पंढरपूरच्या बाजूनं. अंबाजोगाईला परळीपर्यंत गाडी आणि पुढं रस्ता. गावाला नाटकाची हौस किती, याच्याशी नाटक तिथं येण्या न येण्याचा संबंध फार थोडा होता.

१९४८ पर्यंत तर ही रेघ दुसऱ्या राज्यातली होती. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. चलन वेगळं: गावात तिकीट विकलं जायचं निजामाच्या हाली रुपयांत, पुण्या-मुंबईच्या मंडळींना पैसे हवे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांत. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. ७०० हाली गोळा केले की हातात ६०० कलदार, असा हिशोब न करता बोली केलेला माणूस खड्ड्यात. शिवाय परवानगी. सार्वजनिक सभांना आधी परवानगी घ्यायला लावणारी ती कुप्रसिद्ध गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, क्र. ५३ होतीच. चार माणसं एकत्र आली की सरकारच्या कपाळावर आठी. इंग्रजांच्या मुलखात प्रेक्षक येतील का एवढीच धास्ती. इकडं परवाना ऐनवेळी येईल का, ही आणखी एक, आणि बोली करताना तिचेही पैसे धरावे लागायचे. अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे तिकडच्या कलेक्टरच्या, कचेरीतून कागद हातात पडेपर्यंत कंपनीला तार करायची कशी? १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे ओझं उतरलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा दौरे खऱ्या अर्थानं सुटसुटीत झाले.

प्रयोग करायचा कुठं? बांधलेलं नाट्यगृह जवळजवळ कुठंच नव्हतं. एक वाट म्हणजे सिनेमाचं थिएटर. पण तिथला मालक भाडं सांगताना वीज-झाडलोट धरत नाही, त्या रात्रीचे बुडणारे दोन खेळ धरतो. ‘दोन खेळांचा गल्ला भरून द्या नि खुशाल नाटक करा.’ त्याचं चुकत नव्हतं. दुसरी वाट शाळेचं मैदान, जिनिंगचं आवार, एखादा मोठा वाडा. तट्ट्यांची भिंत, बांबूचा मांडव, पुढं खुर्च्या, मग बाक, मागं जमिनीवर तरटं, बायकांची बसायची सोय वेगळी. वीज असेल तर ठीक, नाहीतर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, आणि दर अंकानंतर त्यांना हवा मारणारा एक पोऱ्या. पावसाळा चार महिने बादच. हंगाम दिवाळीनंतरचा. कापूस मोंढ्यात आला की हातात पैसा, रब्बीची ज्वारी निघाली की उसंत, वैशाखात पुन्हा लग्नसराई आडवी. म्हणजे अख्ख्या वर्षात धड चार-साडेचार महिने, आणि त्यातच जत्रांचे तमाशे आणि तंबूतले टुरिंग सिनेमे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत रात्री नाटक लावून बघा म्हणजे कळेल.

आता मक्ता आणि बटई. समजण्यापुरते आकडे घेऊ. हे कोणत्या वहीतले नाहीत. कंपनीशी ठोक ६०० रुपये ठरले. मांडव, बत्त्या, हँडबिलं, हमाली, पाहुण्यांचं जेवण मिळून २०० रुपये. एकूण खर्च ८००. बसायला १०० खुर्च्या ३ रुपयांच्या, २०० जागा बाकावरच्या दीड रुपयाच्या, ४०० माणसं खाली बारा आण्यांत. गच्च भरलं तर प्रत्येक वर्गातून ३००, एकूण ९००. म्हणजे एकही जागा रिकामी राहिली नाही तर प्रयोग लावणाऱ्याच्या पदरात १०० रुपये. तीन चतुर्थांश भरलं तर ६७५, म्हणजे १२५ चा खड्डा. निम्मं भरलं तर ३५० गेले. कंपनी तिन्ही वेळा ६०० घेऊन गेली. हा मक्ता.

हेच बटईनं केलं, गल्ल्यातले ६० टक्के कंपनीचे आणि ४० टक्के तुमचे, मांडवाचा खर्च तुमचा, तर? गच्च भरलं तर तुमचे ३६०, खर्च जाऊन १६०. तीन चतुर्थांशाला ७० हाती लागतात. निम्म्यालाही फक्त २० रुपयांचं नुकसान. बटई दर वेळी बरी. मग लोक मक्त्याच्या कागदावर सही का करायचे? कारण कंपनीला बटई नको असायची. तिचे नट नाइटीवर. खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून नायिका निम्मी नाइट घेत नाही, आणि मुंबईत बसलेल्या निर्मात्याला परभणीत किती तिकिटं फाटली हे मोजायला माणूस ठेवणं परवडत नाही. बटईला शेजारी-शेजारी राहावं लागतं, एकमेकांचं खळं दिसावं लागतं. दूरच्या मालकाला मक्ताच बरा. नाटक नवं, पडेल असं असलं की मात्र तीच कंपनी गोड बोलून बटईवर यायची, हेही सांगून ठेवतो.

एवढा उघड तोट्याचा मक्ता गावात घ्यायचं कोण? बहुतेक वेळा कोणीतरी शाळा, वाचनालय, व्यायामशाळा. इमारत निधीसाठी नाटक. याची परंपरा मोठी. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, ते ‘संयुक्त मानापमान’, आणि त्याचं सगळ्यात महाग तिकीट होतं शंभर रुपये. ही किंमत काही नुसत्या नाटकाची नव्हे. गावोगाव तीच युक्ती. मास्तर आणि दोनचार प्रतिष्ठित तिकिटांची पुस्तकं घेऊन मोंढ्यात फिरायचे, प्रत्येक दुकानाला पाच-दहा खुर्च्या ‘लावायच्या’. व्यापारी नाटकाला येवो न येवो, तिकीट गेलं. म्हणजे प्रयोगाच्या संध्याकाळी खिडकी उघडण्याआधीच निम्मा मक्ता वसूल. शिवाय शिक्षणासारख्या कामासाठी प्रयोग असला तर करमणूक कर माफ करून घेण्याची वाट असायची. हा कर नफ्यावर नसे, तिकिटावर असे. बुडालात तरी भरायचा. म्हणून माफी मोठीच गोष्ट. फुकट पासांवर मात्र कोणाकडंच माफी नव्हती. तहसील, पोलीस, दवाखाना, वीजकचेरी, पोस्ट यांच्या पुढच्या दोन रांगा गेल्या समजायच्या.

१९५७-५८ च्या हंगामात खिडकीवर आणखी एक गंमत. १ एप्रिल १९५७ पासून नये पैसे आले. बारा आण्यांचे ७५ नये पैसे, हे सरळ. पण गिऱ्हाईक जुनी नाणी आणि नवी नाणी एकत्र देणार. एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असा सरकारी तक्ता. तीन वेळा एक-एक आणा दिला तर अठरा आणि एकदम तीन आणे दिले तर एकोणीस? यावर खिडकीशी भांडणं. चतुर आयोजकांनी म्हणूनच सगळे दर चार आण्यांच्या पटीत ठेवले.

याशिवाय गावाचं स्वतःचं नाटक असायचंच, गणपतीत नाहीतर जत्रेला. तिथं ना मक्ता, ना बटई, वर्गणी. कपडे आणि पडदे ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं, बाईचं काम पुरुषानं करायचं नसेल तर बाहेरून नटी, आणि एकूण खर्चात तिची नाइट आणि प्रवासच सगळ्यात मोठा. बाकीचे घरचं खाऊन तालमी करणारे. राजाचा पार्ट कोणाला, हे आमच्याकडं ज्याच्या घरची वर्गणी मोठी त्यावर ठरायचं, आवाज दुय्यम. मुंबई राज्यानं १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली आणि ५६ नंतर आपल्याकडच्या हौशी मंडळांनाही ते दार उघडं झालं. शेतकऱ्याच्या तगाई कर्जासारखा सरकारचा हात, पण परत न फेडायचा. तिकीटविक्रीचं ओझं नाही म्हटल्यावर न चालणारी नाटकंही करता येतात, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

आता आजोबांचं पान. शाळेसाठी नाटक होतं, मक्ता शाळेच्या नावावर आणि जामीन आजोबा. फाल्गुनातली रात्र. अर्धे पैसे आधी गेले होते, उरलेले तिसऱ्या घंटेआधी द्यायचे, असा सगळीकडचा रिवाज. पुढं मात्र आजोबा सांगायचे, पैशाची पिशवी घेऊन ते शाळेच्या वर्गात, म्हणजे त्या रात्रीच्या रंगपटात गेले. कंपनीचा व्यवस्थापक फळ्याखाली मास्तरांच्या खुर्चीत बसून नोटा मोजत होता. नायकाची एक भुवई काढून झालेली, दुसरी बाकी, आणि मोजणी संपेपर्यंत तो आरसा हातात धरून तसाच थांबलेला. मोजणी झाली, दुसरी भुवई झाली, घंटा झाली. पहिल्या अंकाच्या मध्यात अवकाळी आला. बत्त्यांच्या काचा तडकल्या, तरटं भिजली, लोक पांगले. दुसऱ्या दिवशी खुर्चीवाल्यांनी पैसे मागितले नाहीत, त्यांनी ते मागायचे नसतातच. जमिनीवर बसलेल्यांचे परत केले. मक्त्याच्या कागदात पावसाचा शब्द नव्हता, म्हणून कंपनीनं काही परत केलं नाही आणि तिचंही चुकलं म्हणता येत नाही. त्यांच्या नाइटी झाल्या होत्या.

नाटक खात्यात जमेच्या बाजूला तिकिटांची मोजकी रक्कम आहे. जमा आणि नावे यांतली तूट आजोबांनी एका ओळीत बंद केलीय: ‘धर्मादाय खाती नावे.’ मोंढ्यात धर्मादाय म्हणजे काय, तर शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करताना हमाली-तोलाईच्या खाली गाडीमागं कापली जाणारी एक किरकोळ रक्कम. गोरक्षण, पाणपोई, देऊळ, शाळा अशा कामांसाठी साठवलेली. त्याच वहीत चार पानं मागं गेलं की त्या हंगामाच्या कापसाच्या पट्ट्या लागतात. गावाचं नाव, गाड्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत प्रत्येकाच्या नावापुढं तोच शब्द.